घराजवळच्या दवाखान्यातली ‘सर्दीची गोळी’

जानेवारीत आमच्या ७८ वर्षांच्या बाबांना सर्दी झाली, म्हणून मी त्यांना इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या घरापासून फारशा दूर नसलेल्या एका दवाखान्यात नेले. बसायची जागा स्वच्छ आहे, नंबर वेळेवर लागतो आणि तीनशे रुपये फी आजच्या मानाने जास्त नाही; तक्रार आहे ती आतल्या दोन मिनिटांबद्दल. घसा पाहून झाला, छाती तपासून झाली आणि सर्दीची एक व तापाची एक अशा दोन गोळ्या, दोन्ही दिवसातून तीनदा, चिठ्ठीवर लिहून मिळाल्या. बाबा आधीपासून कोणती औषधे घेतात, हे कोणी विचारले नाही. (औषधांची पिशवी मी घरीच विसरले होते, ही चूक माझी.)

दुसऱ्या रात्री बाबा पाच वेळा उठले. लघवीला लागत होती, पण धार सुटत नव्हती. तोंडाला कोरड पडली होती, आणि पहाटे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून त्यांनी मला बाथरूम कुठे आहे असे विचारले. या घरात ते चाळीस वर्षे राहत आहेत. तेव्हा मी चष्मा लावून गोळ्यांची पट्टी दिव्याखाली धरली.

त्या एका गोळीत चार औषधे होती: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, फिनाइलएफ्रिन १०, क्लोरफेनिरामाइन २ आणि कॅफिन ३०. सकाळी गोळी बंद करून, या वेळी पिशवीसकट, आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, आणि त्यांनी एकेक नाव बोटाने दाखवत समजावले. बाबा प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेतात. ते मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करते, तर फिनाइलएफ्रिन तेच आवळते, आणि रक्तदाबही वाढवू शकते. क्लोरफेनिरामाइनने मूत्राशयाचा जोर कमी होतो, शिवाय झापड, बद्धकोष्ठ आणि वृद्धांमध्ये गोंधळलेपणा येतो. म्हणूनच ६५ वर्षांवरील रुग्णांना हे जुन्या पिढीतले ॲलर्जीचे औषध शक्यतो देऊ नये, असे अमेरिकन वृद्धरोगतज्ज्ञांच्या ‘बीअर्स’ यादीत सांगितले आहे. तापाची वेगळी गोळी ६५० ची होती, म्हणजे दिवसाला एकूण ३,४५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. निरोगी प्रौढासाठी ४,००० ही कमाल मर्यादा असली, तरी कृश वृद्धांना त्याहून कमीच द्यावे लागते, आणि बाबांचे वजन जेमतेम ४८ किलो.

एवढे करून नाक मोकळे झाले असते तरी एक वेळ समजले असते. पण पोटात घेतलेल्या फिनाइलएफ्रिनचा नेहमीच्या मात्रेत चोंदलेल्या नाकावर उपयोग होत नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्येच एकमताने दिला आहे. दुसऱ्या डॉक्टरांनी मिठाच्या पाण्याचे नाकात टाकायचे थेंब दिले, ताप आला तरच साधी पॅरासिटामॉल घ्यायला सांगितली आणि लघवी पूर्ण अडली तर न थांबता रुग्णालय गाठायला बजावले. तशी वेळ आली नाही. दोन दिवसांत धार पूर्ववत झाली, सर्दी मात्र आपल्या वेळेनेच गेली.

पहिल्या दवाखान्याला मी पाचपैकी दोन तारे देते. तरुण माणसाला साध्या सर्दीसाठी तिथे न्यायला माझी हरकत नाही. आठवड्याने मी ती पट्टी परत नेऊन दाखवली, तेव्हा डॉक्टरांनी वाद न घालता बाबांच्या केसपेपरवर लाल शाईने ‘प्रोस्टेट, बीपी’ असे लिहून घेतले. दोनातला एक तारा त्याचा आहे.