शेवटचा हात कोणाचा लागला? कॉलम, ट्रिगर की इतिहासाचं टेबल

डेटाबेसमधली नोंद शेवटची कोणी आणि कधी बदलली हे टिपायचा सर्वात स्वस्त उपाय म्हणजे दोन कॉलम, अपडेटेड_बाय आणि अपडेटेड_ॲट. दोन्ही ॲपनेच भरायचे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘ऑन अपडेट करंट_टाइमस्टॅम्प’ लिहिलं की वेळ डेटाबेसच टाकतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ही सोय नाही, तिथे ट्रिगर, म्हणजे नोंद बदलली की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड, लिहावा लागतो.

खरी अडचण नावाची. एका संस्थेत कोणीतरी ॲप टाळून डेटाबेसवर थेट क्वेरी चालवून व्याजदर बदलला. वेळ आपोआप नवी पडली, नाव मात्र आधी हात लावलेल्या बाईंचंच राहिलं. न केलेल्या बदलाचा जाब त्या दोन दिवस देत होत्या. मला ते अजून खटकतं.

म्हणून ॲपशिवाय आणखी कुठून डेटा बदलत असेल, तर मी ट्रिगरच निवडेन. थेट क्वेरीही त्यातून सुटत नाही. पण कनेक्शन पूलमुळे, म्हणजे ॲप तीच मोजकी कनेक्शन सगळ्यांसाठी आळीपाळीने वापरतं म्हणून, सगळे एकाच डेटाबेस-युजरने आत येतात, त्यामुळे ट्रिगरला माणूस कळत नाही. लॉगिन केलेल्याचा आयडी ॲपने प्रत्येक ट्रान्झॅक्शनच्या (एकत्र होणाऱ्या बदलांच्या गटाच्या) सुरुवातीला कळवायचा. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ‘सेट लोकल’ वापरा. नुसतं ‘सेट’ केलंत तर आयडी त्या कनेक्शनवर तसाच राहतो आणि पुढच्याचा बदल भलत्याच्या नावावर पडू शकतो. मायएसक्यूएलच्या ट्रिगरमध्ये करंट_युजर() डिफायनरचं, म्हणजे ट्रिगर ज्याच्या नावे बनवला त्याचं, नाव देतं, तिथे युजर() हवं. आयडी आलाच नाही, तर जुनं नाव ठेवू नका, डेटाबेस-युजरचं लिहा.

आधी काय होतं, हे मात्र दोन कॉलम सांगत नाहीत. एसक्यूएल सर्व्हर (२०१६ पासून) आणि मारियाडीबी (१०.३ पासून) हे डेटाबेस, टेबलावर ती सोय चालू केली तर, नोंदीची जुनी रूपं आपोआप जपतात. एसक्यूएल सर्व्हर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो, म्हणजे आपल्याकडचा सकाळी ११ चा बदल ५:३० चा दिसतो. ‘कोणी’ हे तिथेही तुम्हालाच भरायचं असतं. आणि नोंद डिलीट झाली की इतिहासात शेवटच्या बदलणाऱ्याचं नाव उरतं, पुसणाऱ्याचं नाही. तेवढ्यासाठी ट्रिगरने भरलेलं वेगळं ऑडिट टेबलच, म्हणजे प्रत्येक बदल कोणी केला हे टिपणारं टेबल, हवं.

कंपनीचे हिशेब असतील तर निवडीला वावच नाही. १ एप्रिल २०२३ पासून भारतातल्या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा, बंद न करता येणारा माग सक्तीचा आहे.

पत्त्यांच्या यादीला दोन कॉलम आणि ट्रिगर पुरे. पैसे, परीक्षेचे गुण, औषधाचा डोस असेल तिथे ऑडिट टेबल ठेवा आणि ॲपच्या युजरला त्यावर फक्त इन्सर्टची (नवी ओळ घालायची) परवानगी द्या.