अठरा दिवसांच्या बोलीवर दिलेले न्हाणीघर

पुण्यात कोथरूडमधील आमची इमारत १९९४ सालची आहे. तीस वर्षांत न्हाणीघरातील जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपांना आतून गंज चढून शॉवरची धार करंगळीएवढी उरली होती आणि खालच्या घराच्या छताला ओल धरू लागली होती, म्हणून गेल्या फेब्रुवारीअखेर नऊ बाय पाच फुटांचे ते न्हाणीघर मुळापासून उखडून नव्याने करण्याचे काम आम्ही एका ठेकेदाराला दिले. तोडफोड, प्लंबिंग, वॉटरप्रूफिंग, फरशी आणि फिटिंग सगळे एकाच हाती, मजुरी व सामान मिळून १,८५,००० रुपये आणि मुदत १८ दिवस, अशी बोली होती. तक्रारीचे प्रकरण अद्याप मिटलेले नसल्यामुळे ठेकेदाराचे नाव येथे देत नाही. मात्र अशी सेवा घेऊ पाहणाऱ्याला उपयोगी पडेल असे सर्व काही लिहीत आहे.

पहिली भेट उत्तम झाली, हे आधी नोंदवते. ठेकेदार वेळेवर आले, टेप लावून मापे घेतली आणि घरात ७९ वर्षांच्या सासूबाई आहेत हे कळल्यावर कमोडशेजारी आधाराचा दांडा किती उंचीवर हवा, हे त्यांनी स्वतःहून विचारले. त्या विचारपूसीवर विश्वास ठेवून मी ४० टक्के, म्हणजे ७४,००० रुपये, आगाऊ दिले. दोन दिवसांत तोडफोड झाली, राडारोडा गोण्यांत भरून खाली गेला आणि त्यानंतर नऊ दिवस आमच्या दारात कोणीही आले नाही.

फोन उचलला जात असे आणि उत्तरही नम्र असे: "ताई, उद्या सकाळी दहाला माणूस तुमच्याकडे." कधी प्लंबरच्या नात्यात मयत झालेली असे, कधी माल दुकानातून निघालेला नसे. मग धुळवड आली. फरशी लावणारे अनेक कारागीर राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील असतात आणि होळीला आपापल्या गावी जातात, हे या धंद्यातील प्रत्येकाला ठाऊक असते. कॅलेंडरवर छापलेला सण अचानक कोसळलेल्या संकटासारखा मला सांगितला गेला, याचे मला फार वाईट वाटले. सणासाठी गावी जाणाऱ्या कारागिराची यात काहीच चूक नाही; ते दिवस धरून मुदत सांगणे हे ठेकेदाराचे काम होते.

या काळात घरात काय चालले होते, ते ठेकेदारांना सांगूनही कधी उमगले नाही. आमच्याकडे दुसरा संडास आहे, पण तो भारतीय पद्धतीचा आहे आणि सासूबाईंचे गुडघे वाकत नाहीत. रोज पहाटे काठी टेकत त्या समोरच्या शेजाऱ्यांकडे जात असत. शेजाऱ्यांनी एकदाही कपाळाला आठी घातली नाही, तरी आपल्यामुळे त्यांची झोपमोड होते हा संकोच सासूबाईंच्या मनातून गेला नाही, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून त्यांनी संध्याकाळी सातनंतर पाणी पिणेच सोडल्याचे माझ्या लक्षात आले, तेव्हा मला रडू आवरले नाही.

माणसे का येत नाहीत, हे मला एका बिगाऱ्याकडून कळले. तो एके दुपारी एकटाच आला आणि चार दिवसांची मजुरी मिळालेली नाही, तुम्ही ठेकेदारांना सांगाल का, असे विचारू लागला. त्याच्याशी बोलताना सगळी घडी उलगडली. ठेकेदारांकडे स्वतःचा असा एकही कारागीर नव्हता. प्लंबर, वॉटरप्रूफिंग करणारा आणि फरशीवाला ही तीन वेगळी माणसे होती, आणि ती तिघेही जिथे पैसे हातात पडतील तिथे आधी जात. एका वेळी चार ठिकाणी कामे धरलेली होती. आमच्या आगाऊ रकमेतून बहुधा दुसऱ्या कोणाचे सामान आले होते आणि आमच्या सामानासाठी चौथ्या घराच्या आगाऊ रकमेची वाट पाहिली जात होती. ज्याच्या हाताला सिमेंटने चरे पडले आहेत त्याची मजुरी अडकलेली असताना माझा राग त्याच्यावर निघणे योग्य नव्हते, आणि यापूर्वी दोनदा तो निघाला होता याची खंत आहे.

न्हाणीघराच्या कामात दिवस वाया जाण्यापेक्षा मोठे नुकसान पुढे होते. इथले महत्त्वाचे काम सगळे झाकले जाते: पाइप भिंतीत जातात, वॉटरप्रूफिंग फरशीखाली जाते. रेंगाळलेला माणूस अखेर येतो तेव्हा त्याला पुढच्या ठिकाणी पळायचे असते, आणि त्या घाईत नेमके झाकले जाणारे काम बिघडते. आमच्याकडे गरम आणि गार पाण्याच्या तोंडांमध्ये मिक्सरसाठी, म्हणजे दोन्ही पाणी मिसळून देणाऱ्या नळासाठी, सहा इंच अंतर हवे होते, ते सव्वापाच इंच ठेवले गेले आणि फिटिंगच्या वेळी भिंत पुन्हा फोडावी लागली. वॉटरप्रूफिंगचा एकच हात संध्याकाळी मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवाला हजर झाला. पाणी साठवून चाचणी करा, असे मी म्हटले, तेव्हा उत्तर आले, "केमिकल मारलंय ताई, दहा वर्षं बघायला नको." मी गप्प बसले, कारण इतक्या दिवसांनी माणूस आला होता आणि तो परत जाईल अशी भीती वाटत होती. माझ्या हातून झालेली ही सर्वांत मोठी चूक होय. ३० टक्क्यांचा दुसरा हप्ता, ५५,५०० रुपये, मी त्याच आठवड्यात दिला.

भिंतीवरच्या टाइल्स वाळल्यावर त्यांवर नाण्याने वाजवून पाहिले तर निम्म्या पोकळ वाजल्या. एक टाइल उचकटली, तेव्हा मागे चार कोपऱ्यांत आणि मध्ये अशा सिमेंटच्या पाच टिकल्या दिसल्या. आम्ही घेतलेल्या व्हिट्रिफाइड टाइल्स पाणी जवळजवळ शोषतच नाहीत, त्यामुळे त्या नुसत्या सिमेंटला नीट धरत नाहीत. त्यांना ॲडहेसिव्ह लागते आणि तेही दातेरी थापीने पाठीवर सर्वत्र ओढावे लागते. जमिनीचा उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे सांडपाणी बाहेर जाण्याच्या तोंडाकडे, असायला हवा तो दाराकडे होता. खालच्या घरातील ओलीचा डाग तर पूर्वीपेक्षा मोठा झाला. ६८व्या दिवशी मी काम थांबवले.

सोसायटीतील एका घराचे काम केलेले एक मिस्त्री त्यानंतर आले. त्यांची पद्धत सविस्तर सांगते. त्यांनी काम पाहून लगेच होकार दिला नाही. हातातले काम संपवून तीन दिवसांनी येतो म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी आले. आगाऊ रक्कम सामानापुरतीच घेतली आणि दुकानाची बिले माझ्या नावावर केली. नव्या सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपांची तोंडे बंद करून हातपंपाने पाण्याचा दाब दिला आणि दाबमापकाचा काटा दोन तास हलला नाही हे मला बोलावून दाखवले. त्याआधी एका सांध्यातून थेंब येत होता, तो कापून पुन्हा जोडला. भिंत आणि जमीन मिळते ते कोपरे गोल करून त्यांवर जाळी बसवली, वॉटरप्रूफिंगचे दोन हात एकमेकांना आडवे मारले आणि मध्ये पुरेसा वेळ दिला. मग ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरले, पातळीवर खडूची रेघ ओढली आणि ४८ तास तसेच ठेवले. त्या दोन दिवसांत ते रोज सकाळी खालच्या घरी जाऊन छत पाहून येत. फरशी लावण्यापूर्वी त्यांनी मला सांगितले, "ताई, फोटो काढून ठेवा. पुढं कुणाला कुठं ड्रिल मारायचं झालं तर पाइप कुठून गेलाय ते कळलं पाहिजे." नऊ फुटांत सव्वा इंचाचा उतार त्यांनी दोरी आणि लेव्हल ट्यूब (पातळी पाहण्याची पाण्याची नळी) लावून धरला. १७ दिवस लागले. त्यांपैकी एक दिवस ते आले नाहीत, आणि येणार नसल्याचे त्यांनी आदल्या रात्री फोन करून कळवले होते. या कामाचे ९६,००० रुपये झाले.

पैशांविषयी. पहिल्या ठेकेदारांना एकूण १,२९,५०० रुपये दिले होते. लेखी करार नव्हता, पण व्हॉट्सॲपवरचे दरपत्रक, मुदतीचे संदेश, ऑनलाइन दिलेल्या रकमा आणि तारखांसह काढलेले फोटो जपून ठेवले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केल्यावर पुढची वाट कळली: २०२० साली लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवेतील त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते आणि मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. मी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. तिच्यानंतर ठेकेदारांनी २०,००० रुपये परत केले. उरलेल्या रकमेसाठी आयोगाकडे अर्ज तयार केला आहे. त्या बिगाऱ्याची मजुरी मिळाली का, हेही मी नोटिशीत विचारले होते. त्याचे उत्तर आलेले नाही.

पाचपैकी गुण द्यायचे तर पहिल्या सेवेला मी एक देते, तो तोडफोडीच्या दोन दिवसांसाठी. दुसऱ्या मिस्त्रींना पाच. खालच्या घराचे छत पावसाळ्याचे चारही महिने कोरडे राहिले आणि गेल्या आठवड्यात तिथे नवा रंग लागला. आधाराचा दांडा सासूबाईंनी स्वतः उभे राहून दाखवलेल्या उंचीवर बसवला आहे, आणि त्या आता रात्री झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या ठेवतात.