एअरफ्लो आणि पीजी-क्रॉन: बडोद्यातल्या गोदामात नऊ महिने

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या स्टॉक रिपोर्टने सलग तीन दिवस शेठना गंडवलं. जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, फेल झाला असता तर परवडलं असतं, पण तो रोज बिनबोभाट 'यशस्वी' होत होता. आमचं काम इलेक्ट्रिकल मालाच्या घाऊक विक्रीचं. मकरपुऱ्याला गोदाम, आणंद, भरूच आणि गोध्र्याला शाखा. रात्री शाखांच्या फाइली येतात, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये चढतात, त्यावरून स्टॉक जुळतो आणि सकाळी टेम्पो भरायची यादी निघते. हे सगळं क्रॉनटॅबवर, म्हणजे नुसतं घड्याळ बघून कामं सुरू करणाऱ्या यादीवर चालायचं. एक वाजता फाइली, पावणेदोनला स्टॉक, अडीचला यादी. मधली पंचेचाळीस मिनिटं मीच कधीतरी अंदाजाने लिहिलेली. दिवाळीत बिलं वाढली, फाइली चढायला तासावर वेळ लागायला लागला आणि पावणेदोनचा जॉब अर्ध्याच नोंदींवर स्टॉक जुळवून मोकळा झाला.

उत्तरायणाचे पतंग उतरल्यावर एअरफ्लो, म्हणजे कामं एकामागून एक क्रमाने चालवणारं सॉफ्टवेअर बसवलं, आवृत्ती २.१०. २०१४ साली एअरबीएनबीत सुरू झालेलं, आता अपाचे फाउंडेशनकडे असलेलं, फुकट. मला त्यातून एकच गोष्ट हवी होती. आधीचं काम खरोखर संपलं असेल तरच पुढचं सुरू व्हावं, घड्याळात कितीही वाजलेले असोत. ती पहिल्या आठवड्यातच मिळाली. बाकीचे आठ महिने माझ्या चुका शोधण्यात गेले.

पहिली चूक वेळेची. एअरफ्लो मुळात यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर चालतं. मी रात्री एकचा जॉब लावला, तो सकाळी साडेसहाला सुरू झाला, तेव्हा गोदामात टेम्पो लागलेला. सेटिंगमध्ये आशिया/कोलकाता लिहिलं की प्रश्न मिटतो. पण स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यातली वेळ वेगळी बदलावी लागते, नाहीतर लॉग वाचताना डोकं फिरतं.

दुसरा घोळ तारखेचा, आणि यावर मी सगळ्यात जास्त केस उपटले. चार तारखेचा रन (जॉबची एक फेरी) पाच तारखेला सुरू होतो आणि त्याच्यावर नाव मात्र चार तारखेचं. मला हा बग वाटला होता. अकाउंट्समधल्या काकांना दाखवलं तर ते म्हणाले, "अरे, कीर्द त्या दिवसाचीच असते ना? मिटवतो आपण दुसऱ्या दिवशी सकाळी." दिवस पूर्ण झाल्याशिवाय त्या दिवसाचा हिशेब होत नाही, एवढंच त्यात आहे. कागदपत्रांची चार पानं वाचून जे कळलं नव्हतं ते काकांनी चहा संपायच्या आत सांगितलं.

जूनच्या १२ तारखेला थकबाकीचा नवा डॅग (एकमेकांवर अवलंबून कामांची साखळी) लावला. सुरुवातीची तारीख सवयीने १ एप्रिल दिली, आर्थिक वर्ष म्हणून. २.१० मध्ये 'कॅचअप', म्हणजे सुरुवातीच्या तारखेपासूनचे राहिलेले रन भरून काढणं, आपण बंद केलं नाही तर चालूच असतं. डॅग सुरू करताच एप्रिलपासूनचे ७२ रन रांगेत उभे राहिले, एका वेळी सोळा, आणि प्रत्येकाने विक्री विभागाला मेल पाठवली. दोष पूर्ण माझा. त्या दिवसापासून कॅचअप बंद ही ओळ मी डॅगच्या नावाच्याही आधी लिहितो.

सगळ्यात महाग पडलं ते पुन्हा प्रयत्न करण्याचं सेटिंग. तीनदा प्रयत्न, दहा मिनिटांच्या अंतराने, ऐकायला छान. एका रात्री आणंदच्या फाइलीचा डेटा टेबलात कमिट (कायमचा जमा) झाला आणि नेमकं त्याच क्षणी कनेक्शन तुटलं. एअरफ्लोला काम झाल्याचं कळलंच नाही, त्याने इमानदारीत परत चढवलं. आणंदमध्ये कागदावर दुप्पट पंखे. तेव्हापासून चढवणारा प्रत्येक जॉब दहादा चालला तरी फरक पडू नये असाच लिहितो. शाखा आणि तारीख धरून आधीच्या ओळी पुसायच्या आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (होईल तर सगळं, नाहीतर काहीच नाही) नव्या घालायच्या. पोस्टग्रेस ९.५ पासून 'ऑन कॉन्फ्लिक्ट' (ओळ आधीच असेल तर तीच बदलणं) आहे, त्यानेही भागतं, पण शाखेने फाइलीतून एखादी ओळ मागाहून काढली तर जुनी तशीच राहते. म्हणून मी पुसून घालतो.

आणखी एक. लाखो ओळी पायथॉनमध्ये ओढून हिशेब करू नका. एअरफ्लोने फक्त हाक मारावी, काम डेटाबेसने आतच करावं. फाइलीची वाट पाहणारा सेन्सर 'रीशेड्यूल' मोडवर (मधूनमधून उठून बघेल असा) ठेवा, नाहीतर तो नुसता बसून जागा अडवतो.

पीजी-क्रॉन, म्हणजे पोस्टग्रेसच्या आतच वेळेवर जॉब चालवणारी जोडणी, मी फक्त डेटाबेसच्या घरकामाला ठेवलंय, म्हणजे व्हॅक्यूम (पुसलेल्या ओळींची जागा मोकळी करणं), जुने लॉग काढणं, मटेरिअलाइज्ड व्ह्यू (आधीच काढून ठेवलेला निकाल) ताजा करणं. बसवायला एकदा सर्व्हर रीस्टार्ट लागतो, वेळ इथेही मुळात जीएमटी, बाकी कुरकुर नाही. आधीचा रन चालू असेल तर तोच जॉब दुसऱ्यांदा सुरू करत नाही, थांबवून ठेवतो. मात्र स्वतःच्या रनच्या नोंदी तो कधीच पुसत नाही. त्या पुसायलाही एक जॉब लावावा लागला, म्हणजे झाडूवालीच्या मागे झाडूवाली. तुमची सगळी कामं एकाच डेटाबेसच्या आत असतील तर एअरफ्लोच्या वाटेला जाऊही नका, पीजी-क्रॉन पुरेल. एअरफ्लो जड आहे. डॉकरवर (सॉफ्टवेअर तयार डब्यात चालवणारं साधन) बसवताना किमान ४ जीबी मेमरी सांगतात, आमच्याकडे ८ जीबीचं मशीन त्यालाच वाहिलंय.

पैसे वसूल झाले ते नवरात्रात. गरब्यावरून परतताना सेवउसळीच्या गाडीवर उभा होतो, मोबाइलवर मेल आली, भरूचची फाइल आली नाही. शाखेच्या मॅनेजरला फोन केला, ते स्वतः अजून गरब्याच्या केडियातच. त्यांनी घरून फाइल टाकली, मी मोबाइलवरूनच तेवढा टास्क 'क्लिअर' केला, म्हणजे परत चालायला मोकळा केला. त्याच्या पुढची कामं आपोआप परत झाली, आणंद-गोध्र्याला धक्का लागला नाही. पूर्वी यासाठी ऑफिस गाठून सगळं पहिल्यापासून चालवलं असतं.

एक खोट राहिलीच आहे. एअरफ्लोचा कामं सुरू करणारा भाग, म्हणजे शेड्यूलरच बंद पडला तर मेल पाठवणार कोण? ऑगस्टमध्ये डिस्क भरली आणि सकाळी यादीच नव्हती, तक्रारही नव्हती. आता दुसऱ्या मशीनवरून पहाटे पाचला एक छोटी स्क्रिप्ट आजची यादी टेबलात आहे का ते बघते, नसेल तर मला फोनवर मेसेज टाकते. ती क्रॉनटॅबवर आहे.

एअरफ्लो ३.० मध्ये कॅचअप मुळातच बंद येतं म्हणून त्यावर जायचं मन झालंय, पण दिवाळीचा माल निघेपर्यंत शेठ सर्व्हरला हात लावू देणार नाहीत, आणि मीही मागणार नाही.