फूड ट्रकसाठी फॉस्कोस पोर्टल: फॉर्म सोपा, गोंधळ नंतरचा

एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, 2020 मध्ये आणलेल्या या पोर्टलचे मोठे सुख म्हणजे छोट्या खाद्य व्यवसायाची नोंदणी एजंटशिवाय होते. फोटो, ओळखपत्र, पत्ता, पदार्थांचा प्रकार भरला की झाले. फॉर्म एकट्याने भरता येतो, उगाच कुणाला हजारो रुपये मोजू नका.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. एक, व्यवसायाचा प्रकार घाईत निवडला जातो. दुसरी जास्त महागात पडते: भाज्या चिरणे, ग्रेव्ही करणे वेगळ्या किचनमध्ये होत असेल, तर त्या जागेची नोंदणी स्वतंत्र लागते. अधिकाऱ्याकडून अर्जावर शंका आली की पोर्टलवर उत्तर द्यावे लागते, म्हणून लॉगिन करून बघत राहा. नोंदणीचा 14 अंकी क्रमांक ट्रकवर दिसेल असा लावा.

मात्र हा क्रमांक म्हणजे रस्त्यावर उभे राहण्याची परवानगी नव्हे! जागेसाठी महापालिका, गाडीच्या बॉडीतल्या बदलासाठी आरटीओ. बदलाची मंजुरी फॅब्रिकेटरला (गाडीची बॉडी बदलून देणाऱ्याला) पैसे देण्याआधी घ्या, नाहीतर खिडकी कापून झालेली गाडी तशीच अडकते. गॅसही व्यावसायिकच हवा, घरगुती सिलिंडर चालत नाही.

नोंदणीपुरते पाचपैकी चार.