आरएक्स १००: डर्ट ट्रॅकसाठी आधी क्रँक, मग चेंबर

नागपुरात जुनी टू-स्ट्रोक रेसला उतरवायची म्हटलं की पहिलं नाव यामाहा आरएक्स १००चं निघतं, आणि ते बरोबरच आहे. ९८ सीसी, ५० मिमी बोअर, तेवढाच स्ट्रोक, ७५०० आरपीएमला ११ बीएचपी आणि वजन शंभर किलोच्या आसपास. १९९६ साली गाडी बंद झाली, तरी घाट रोडला तिचे पार्ट अजून मिळतात. इंजिनाला पैकीच्या पैकी मार्क, ब्रेकला काठावर पास. पण बाजारात ‘रेस-रेडी’ म्हणून जी आरएक्स दाखवतात, ती बहुतेक वेळा नापासच. चकचकीत चेंबर (मधे फुगलेला रेसिंग सायलेन्सर), मोठा कार्बोरेटर आणि खाली तीस वर्षांचे क्रँक सील (क्रँकच्या दोन्ही टोकांना हवा-तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा), असा तो माल असतो.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो ती पेटी, हाच पंप असतो. त्यात कुठूनही बाहेरची हवा शिरली की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. डावीकडचं, मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर असंच होतं. उजवीकडचं, क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं: धूर दाट होतो आणि तेलाची पातळी उतरत जाते. दोन्ही सील मिळून खर्च किरकोळ, पण ती न बदलता केलेलं बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणं) म्हणजे पाण्यात घातलेले पैसे.

म्हणून इंजिन बांधून झालं की प्रेशर टेस्ट करूनच गाडी ताब्यात घ्या. मॅनिफोल्ड (कार्बोरेटर जोडतात तो भाग) आणि एक्झॉस्टचं तोंड घट्ट बंद करायचं, पिस्टन खाली आणायचा, प्लगच्या भोकाला नळी जोडून हातपंपाने ६ पीएसआय हवा भरायची. त्याहून जास्त नको, सील जागेवरून सरकेल. काटा सहा मिनिटं हलला नाही तर काम चोख. हलला तर साबणाचं पाणी लावा: मॅग्नेटमागे, बेस गॅस्केटवर, मॅनिफोल्डच्या रबरावर. बारीक बुडबुड्यांची रांग दिसेल तिथे गळती. बुडबुडे कुठेच नाहीत आणि तरी काटा उतरतोय, तर हवा क्लचकडच्या सीलमधून गिअरबॉक्समध्ये जातेय. ‘भाऊ, याची काही गरज नसते’ म्हणणाऱ्या मेकॅनिककडे रेसचं इंजिन देऊ नये, हे आमचं स्पष्ट मत.

क्रँक तपासताना रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वर-खाली हलवून पाहा. बाजूला थोडा हलला तर चालेल, वर-खाली अजिबात हलता कामा नये. नवं रॉड किट प्रेसवर बसवल्यावर डायल गेज लावून रनआउट (फिरताना होणारी डगमग) ०.०३ मिमीच्या आत आहे की नाही ते स्वतः बघा. हे काम हिंगणा एमआयडीसीतल्या मशीन शॉपमध्ये नीट होतं. हातोडीने अंदाजे सरळ केलेला क्रँक मेन बेअरिंग खातो.

बोअरिंगला सिलिंडर देण्याआधी नवा पिस्टन हातात हवा. डुप्लिकेट पिस्टन भरपूर आहेत आणि डब्यावरचा आकडा खरा निघेलच असं नाही, त्यामुळे मायक्रोमीटरने मोजून त्याच मापाला सिलिंडर कापायचा. पिस्टन आणि सिलिंडरमध्ये रस्त्यासाठी ०.०४ मिमी गॅप पुरतो, ट्रॅकसाठी ०.०५ ठेवा. होनिंगनंतर (दगडाने आतून शेवटचा हात फिरवल्यावर) पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरमधल्या खिडक्यांच्या, कडा घासून मऊ केल्याच पाहिजेत. धारदार कडेत रिंग अडकली की तुकडे थेट हेडवर आदळतात. रिंगचं तोंड खाचेतल्या पिनवरच बसलंय ना, हेही सिलिंडर चढवताना पाहा.

साइजचा आणखी एक मुद्दा आहे, जो फारसं कोणी सांगत नाही. ०.२५ साइजला, म्हणजे बोअर ०.२५ मिमी मोठा केला की, इंजिन ९९.२ सीसी होतं, पण ०.५०ला १००.१. क्लासची मर्यादा १०० सीसी असेल तर ओव्हरसाइजला किती सूट आहे, ते त्या रेसच्या नियमावलीत बोअरिंगच्या आधी वाचा.

आता चेंबर आणि पोर्टिंग. एक्झॉस्ट पोर्ट वर उचलला की वरच्या आरपीएमला ताकद वाढते, खालची जाते. आरएक्स १००ला गिअर चारच. दुसऱ्यातून तिसरा टाकला की आरपीएम इतका पडतो की इंजिन पॉवरबँडच्या (ताकद मिळते त्या आरपीएमच्या पट्ट्याच्या) खाली जातं आणि वळणातून निघताना गाडी मरगळते. पाच गिअरचा बॉक्स बसवणार नसाल तर पोर्टला हात लावू नका, मध्यम आरपीएमचा चेंबर घ्या आणि पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान करा. नवख्या रायडरचा लॅप टाइम एवढ्यानेच सुधारतो.

ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळत असाल तर इनटेककडे येणाऱ्या ऑइलच्या नळीचं भोक पक्कं बुजवा, नाहीतर तिथूनही हवा शिरेल. प्रमाण लिटरला ३० ते ४० मिली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) मिश्रण आधीच पातळ पडतं. मेन जेट मोठ्यापासून सुरू करून खाली या. इथेनॉल ओलावाही ओढतं, म्हणून मिसळलेलं पेट्रोल साठवू नका आणि रेस संपली की कार्बोरेटरची वाटी रिकामी करा.

जेटिंग एकदा केलं म्हणजे झालं, असं नागपुरात चालत नाही. मे महिन्यात ४४ अंशाला जुळवलेली गाडी डिसेंबरच्या सकाळी १० अंशाला काढली तर हवा सुमारे १२ टक्के दाट असते. जेट तोच, म्हणजे मिश्रण पातळ, आणि पिस्टन पहिल्याच लांब सरळीवर पकडतो. थंडीत एक-दोन साइज मोठा जेट हवाच. खात्री प्लगवरून करा: टॉप गिअरला पूर्ण थ्रॉटल, तिथेच किल स्विच आणि क्लच, मग प्लग काढून पाहा. चिनीमाती कॉफीच्या रंगाची असेल तर ठीक, पांढरी फटक असेल तर ताबडतोब जेट वाढवा.

आपल्याकडची काळी माती वाळली की पिठासारखी उडते. कागदी फिल्टर तिच्यापुढे लवकर चोंदतो. तेल लावलेला फोम बसवा आणि प्रत्येक हीटनंतर (रेसच्या फेरीनंतर) धुवा.

ब्रेक ही या गाडीची खरी कमजोरी. १३० मिमीचा ड्रम गरम झाला की लिव्हर ग्रिपला टेकतो. आधी स्पोक ताणून रिम सरळ करा, मगच ड्रम लेथवर फिरवा. उलट केलं तर स्पोक ताणल्यावर तो पुन्हा अंडाकृती होतो. नवे शू ड्रमच्या गोलाईला घासून बसवा, केबल नवीन घाला. कोन सेट (हँडलचे बेअरिंग) आणि स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याचे) बुशही याच वेळी बदला.

विकत घेताना आरसी आणि चेसिस नंबर जुळवायला विसरू नका. चेंबर लावलेली गाडी रस्त्याने नेणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये बसत नाही. ट्रॅकपर्यंत टेम्पोनेच न्या: पेट्रोल कॉक बंद, पुढचा फोर्क पट्ट्याने दाबून बांधलेला.