नांदेडच्या विष्णुपुरीतल्या विद्यापीठात आठ महिने, माझा अनुभव

ऑगस्टपासून इथं हॉस्टेलला राहायले, एमए मराठी, भाषा संकुल (इथं डिपार्टमेंट कुणी म्हणत नाही, संकुलच म्हणतात). किनवटकडच्या पोरी सारख्या फोन करून विचारायल्यात ॲडमिशन घेऊ का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

आधी जरा जुनं सांगते. 1958 च्या आधी आपल्याकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानियाला जोडलेली होती, मग औरंगाबादला विद्यापीठ झालं, पण नांदेडहून तेही अडीचशे किलोमीटर. मामा 1989 ला बीए झाले तर डिग्री आणायला रात्रभर प्रवास, सकाळी स्टँडवरच्या नळाला तोंड धुतलं आन् रांगेत उभे राहिले, दोन दिवसांचा रोज बुडाला. नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 चं. तारीख मुक्तिदिनाची आन् नाव त्याच लढ्याच्या पुढाऱ्याचं, हे मला लई भारी वाटतं. यंदा झेंडावंदनानंतर मामांना व्हिडिओ कॉल लावला, ते काहीच बोलेनात, नुसतं म्हणले मोबाईल फिरव, ती मागची बिल्डिंग दाखव, आन् बराच वेळ बघत राहिले.

माझा सगळ्यात जास्त वेळ ज्ञानस्रोत केंद्रात जातो, म्हणजे लायब्ररीत. आधीच्या कॉलेजात कपाटाला कुलूप असायचं, चिठ्ठी द्यायची, चार दिवसांनी पुस्तक आलं तर आलं. इथं खिडकीजवळची एक जागा ठरलेलीच झालीय, आईनं दिलेली जवारीची भाकर आन् शेंगदाण्याची चटणी बाहेर झाडाखाली बसून खायची की परत आत, घरी कामाच्या रगाड्यात असं सलग तीन तास वाचायला कधी भेटलंच नव्हतं, खरंच सांगते.

ज्ञानतीर्थ युवक महोत्सवाच्या तालमी चालू झाल्या की मात्र कुणाचंच अभ्यासात लक्ष नसतं, हलगीचा आवाज रूमपर्यंत यायचा.

शहर लांब पडतं. एका रिक्षावाल्यानं रात्री आम्हा दोघींना अर्ध्या रस्त्यात उतरवलं होतं, तवापासून अंधाराच्या आत परत येतो. एप्रिलचं ऊन वाईट, छत्री आन् पाण्याची बाटली पाहिजेच.

पोरींनो, या बिनधास्त. फॉर्म भरताना अडलं तर सातनंतर फोन करा, तवर मी वाचत बसलेली असते.