हवाईत लुआऊचे पैसे वाचवा आणि कामेहामेहा डे, बॉन डान्स बघा

जूनच्या सुट्टीत मुलांना घेऊन हवाईच्या ओआहू बेटावर जाणार असाल तर हे वाचा. आधी हॉटेलवाल्या लुआऊबद्दल (नाचगाण्यासकटची हवाईयन मेजवानी), हॉटेलचं नाव नाही घेत. माणशी दीडशे डॉलरच्या वर मोजले आणि तीन तास नुसतं "जोरात अलोहा म्हणा" चाललं होतं, व्हेजवाल्यांच्या ताटात भात, सॅलड, अननस, संपलं. फायर डान्स भारी होता पण तो मूळचा सामोआचा, एवढं सांगायचीही कोणी तसदी घेतली नाही. २ स्टार, तेही त्या फायर डान्सवाल्या पोरासाठी.

खरी मजा फुकटात आहे. ज्या राजाने सगळी बेटं एका राज्याखाली आणली त्या कामेहामेहाचा दिवस ११ जूनला असतो, आणि ही सुट्टी अमेरिकेने दिलेली नाही हं, तिथे राजेशाही होती तेव्हाच १८७१ मध्ये जाहीर झालेली आहे. होनोलुलुत इओलानी पॅलेसच्या समोर त्याचा पुतळा आहे, त्याला त्या दिवसाच्या आसपासच्या शुक्रवारी दुपारी लेई, म्हणजे फुलांचे हार, घालतात. एकेक लेई वीस-तीस फुटांची, फायर ब्रिगेडची शिडी लावून गळ्यात आणि पुढे केलेल्या हातावर सोडतात, खाली मंत्रपठण आणि हुला हा तिथला पारंपरिक नाच. (हा पुतळा दुसरा. पहिला जहाजासकट फॉकलंडजवळ बुडाला म्हणून हा करून घेतला, मग तो पहिलाही सापडला, आता बिग आयलंड म्हणजे हवाई बेटावर कापाआउ गावात उभा आहे.)

दुसऱ्या दिवशी शनिवारी सकाळी परेड, पॅलेसपासून वायकीकीतून कापिओलानी पार्कपर्यंत. फुलांचे रथ ठीक आहेत, बघायच्या त्या पाऊ रायडर्स. घोड्यावर बसलेल्या बायका, अंगावर बारा वार कापड, आपली नऊवारी नेसायला एवढा वेळ लागतो तर यांचं काय होत असेल, आणि ते कापड खोचून कुकुई नावाच्या झाडाच्या बियांनी अडकवतात. प्रत्येक बेटाचा रंग ठरलेला, ओआहूचा पिवळा, मोलोकाईचा हिरवा, नीहाऊचा पांढरा कारण तिथे फुलांऐवजी शिंपल्यांची लेई. मागून घोड्यांची लीद उचलणारे येतात, त्यांनाही पब्लिक टाळ्या वाजवतं, मुलांना तेच सगळ्यात आवडलं.

आणि बॉन डान्स अजिबात चुकवू नका. १८८५ पासून उसाच्या मळ्यांवर मजुरीला आलेल्या जपान्यांनी हा आणला, पूर्वजांसाठीचा सण, पण रडारड नाही तर सरळ नाच. जून ते ऑगस्ट, दर वीकेंडला कुठल्या ना कुठल्या बौद्ध देवळाच्या अंगणात, मधे मचाण, वर ताइको (जपानी ढोल), भोवती रिंगण. तांको बुशी हे कोळसा खाणीचं गाणं, त्यात फावड्याने उकरायचं, खांद्यावरून मागे टाकायचं, गाडी ढकलायची, एवढंच, दोन फेऱ्यांत जमतं. बाजूच्या आजी एक शब्द न बोलता हाताने दाखवतात. नाचणाऱ्यांत जपानी, हवाईयन, फिलिपिनो, गोरे सगळेच, कोणी विचारत नाही तुम्ही कोण.

खायला ओकिनावाचं गरमागरम आंदागी, म्हणजे तळलेले गोड गोळे, घ्या (अंडं असतं, बघा), शेव्ह आइस म्हणजे आपल्या बर्फाच्या गोळ्यासारखं, ते घ्या, स्पॅम मुसुबीत (भातावर डबाबंद मांसाचा तुकडा) मात्र डुकराचं मांस असतं. ५ स्टार. परेडच्या दिवशी रस्ते बंद, पार्किंगच्या नादाला लागू नका, बसने जा, टोपी घ्या, आणि मंदिरांच्या तारखा आधी ऑनलाइन बघून ठेवा कारण दर वीकेंडला जागा बदलते.